ग्राफिक ऑर्गनायझर म्हणजे काय? सहावी ते आठवीच्या मुलांना धडा समजून वाचायला कसं शिकवायचं?



तुमच्या घरात किंवा शेजारी सहावी ते आठवीतलं कोणी असेल तर एक छोटा प्रयोग करून बघा. भूगोलाचं एक पान मोठ्याने वाचायला सांगा. बहुतेक वेळा वाचन धडाधड होईल. मग पुस्तक मिटा आणि विचारा, "यात काय सांगितलंय?" बरीच मुलं इथे अडकतात. शब्द सगळे वाचले, पण कोणत्या गोष्टीचा कशाशी संबंध आहे, ते डोक्यात बसलेलंच नसतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, शिक्षक नाही. नोकरी पुण्यात, गाव मसुरे, तालुका मालवण. मे महिन्यात आणि गणपतीत गावी गेलो की आमच्या पडवीत माझी सातवीतली भाची आणि वाडीतली चार-पाच मुलं अभ्यासाला बसतात. त्यांच्यासोबत मी जी पद्धत वापरतो, तिच्याबद्दल हा लेख आहे. कागद-पेन्सिलीवर चालते, मोबाईलवरही चालते आणि पैसे लागत नाहीत.

आधी हे का महत्त्वाचं आहे?

चौथीपर्यंत मूल वाचायला शिकतं. त्यानंतर त्याला वाचून शिकायचं असतं. इतिहास, भूगोल, विज्ञान या विषयांत गोष्ट नसते, माहिती असते. गोष्टीत "पुढे काय झालं?" या एका धाग्यावर मूल पुढे जातं. माहितीच्या मजकुरात तो धागा नसतो. तिथे कारणं असतात, प्रकार असतात, तुलना असते. ते धागे ओळखायला वेगळं शिकवावं लागतं, आणि ते बहुतेक वेळा राहून जातं.

असरच्या २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातली आठवीची ६९.६ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. म्हणजे दहातल्या तिघांना तेवढंही जमलं नाही. त्यात ही चाचणी मजकूर वाचून दाखवण्याची आहे. उरलेल्या सातांपैकी कितीजणांना आठवीचा विज्ञानाचा धडा आपला आपण वाचून समजतो, ते या आकड्यावरून कळत नाही. दोन वर्षांनी हीच मुलं बोर्डाला बसतात, आणि त्यानंतर फॉर्म, करार, औषधाची चिठ्ठी, बातमी हे सगळं स्वतः वाचतात. समजत नसेल तर दुसऱ्याला विचारतात, आणि दुसरा सांगेल ते खरं मानतात.

ग्राफिक ऑर्गनायझर म्हणजे काय?

वाचलेल्या मजकुरातली माहिती आणि त्या माहितीतले संबंध चौकटी, गोल, बाण किंवा रकान्यांत मांडणारी आकृती म्हणजे ग्राफिक ऑर्गनायझर.

महाराष्ट्र बोर्डात शिकला असाल तर ही गोष्ट तुमच्या ओळखीची आहे. बालभारतीच्या पुस्तकांतला स्वाध्याय आठवा: "आकृती पूर्ण करा", "ओघतक्ता तयार करा", "चौकटी पूर्ण करा". दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेतही अशाच कृती असतात. हे सगळे ग्राफिक ऑर्गनायझरच आहेत.

फरक एवढाच की परीक्षेत आकृती आधीच काढलेली असते. मधे गोल, बाजूला चार रिकाम्या चौकटी. मूल उताऱ्यावर नजर फिरवतं, चार शब्द उचलतं आणि चौकटीत टाकतं. मार्क मिळतात, पण उतारा समजला असेलच असं नाही. खरं वाचन आकृती भरताना कमी आणि आकृती निवडताना जास्त होतं. या मजकुराला गोल हवा, बाण हवेत की रकाने हवेत, हे ठरवायला मजकूर समजावाच लागतो. या लेखातला मुख्य मुद्दा हाच आहे.

थोडा इतिहास

- १९६०: अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांनी मांडलं की नवीन माहिती देण्याआधी तिचा सांगाडा दिला तर ती नीट बसते.
- १९६९: विस्कॉन्सिन विद्यापीठात डोरोथी फ्रेयर आणि सहकाऱ्यांनी शब्दार्थासाठी चार चौकटींची पद्धत तयार केली.
- १९७२: कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक यांच्या गटाने मुलांची विज्ञानातली समज कशी बदलत जाते हे दाखवण्यासाठी कन्सेप्ट मॅप वापरायला सुरुवात केली.
- १९८६: डोना ओगल यांनी तीन रकान्यांची के-डब्ल्यू-एल पद्धत प्रसिद्ध केली.
- २०००: अमेरिकेतल्या नॅशनल रीडिंग पॅनलने आकलनाच्या ज्या सात पद्धतींना भक्कम पुरावा आहे असं म्हटलं, त्यात ग्राफिक ऑर्गनायझर होते.

पाच प्रकारचे मजकूर, पाच आकृत्या

कोड लिहिणाऱ्यांना हे लगेच समजेल. डेटा कसा आहे ते बघून आपण लिस्ट, ट्री, ग्राफ की टेबल हे ठरवतो. मजकुराचंही तसंच असतं. बॉनी मेयर या संशोधिकेने १९७५ मध्ये माहितीपर मजकुराच्या रचनांवर काम केलं. त्यातून पुढे पाच मुख्य रचना रूढ झाल्या. प्रत्येक रचनेचे मराठीतले खुणेचे शब्द आणि तिला शोभणारी आकृती अशी:

१. क्रम. खुणेचे शब्द: प्रथम, त्यानंतर, मग, शेवटी, किंवा सनावळी. आकृती: ओघतक्ता किंवा काळरेषा.

२. वर्णन आणि प्रकार. खुणेचे शब्द: प्रकार, भाग, उदाहरणार्थ, यांचा समावेश होतो. आकृती: झाडासारखा फांद्यांचा तक्ता किंवा मधल्या गोलाभोवतीचं जाळं.

३. तुलना. खुणेचे शब्द: परंतु, याउलट, तर, दोन्ही, सारखेच. आकृती: वेन आकृती किंवा तीन रकाने.

४. कारण आणि परिणाम. खुणेचे शब्द: कारण, म्हणून, त्यामुळे, परिणामी. आकृती: बाणांचा तक्ता.

५. समस्या आणि उपाय. खुणेचे शब्द: अडचण, प्रश्न, उपाय, यावर मार्ग म्हणून. आकृती: वर समस्येची चौकट, खाली उपायांच्या चौकटी, प्रत्येकीखाली "जमलं का?"

पहिल्या दिवशी आकृती काढायचीच नाही. फक्त पेन्सिलीने खुणेचे शब्द गोल करायला सांगायचे. "त्यामुळे" दिसलं की गोल, "याउलट" दिसलं की गोल. पाच-सात मिनिटांत मुलांना मजकुराचा आकार दिसू लागतो.

उदाहरण १: एकच उतारा, दोन आकृत्या

हा उतारा मी मुलांसाठी लिहिला होता:

"कोकमाच्या फळाला रातांबा म्हणतात. रातांबे एप्रिल-मे महिन्यांत पिकतात. पिकलेलं फळ फोडून साल, गर आणि बिया वेगळ्या करतात. गराच्या रसात मीठ घालून त्यात साली बुडवतात आणि उन्हात वाळवतात. असं अनेक वेळा केल्यावर आमसुलं तयार होतात. मिठात मुरवून सुटलेल्या रसाला आगळ म्हणतात. त्यापासून सोलकढी करतात. बियांपासून मुठेल नावाचं घट्ट तेल मिळतं. थंडीत फुटलेल्या टाचांना ते लावतात."

आता प्रश्न असा: याला कोणती आकृती हवी?

मुलांमध्ये लगेच दोन गट पडले. एक गट म्हणाला ओघतक्ता, कारण "मग, मग" असं चाललंय. दुसरा म्हणाला झाड, कारण एका फळापासून तीन वस्तू. बरोबर दोन्ही गट होते. आपण उताऱ्याला काय विचारतोय, यावर आकृती ठरते.

"आमसूल कसं तयार होतं?" असं विचारलं तर:

फळ फोडणं → साल वेगळी करणं → मीठ घातलेल्या रसात बुडवणं → उन्हात वाळवणं → पुन्हा बुडवणं, पुन्हा वाळवणं → आमसूल

इथे शेवटून दुसऱ्या पायरीवरून मागे जाणारा एक बाण लागतो. "अनेक वेळा" हे दोन शब्द ज्याने नीट वाचले, तोच तो बाण काढतो. कोडच्या भाषेत तो लूप आहे.

"रातांब्याच्या कोणत्या भागाचं काय होतं?" असं विचारलं तर:

रातांबा
- साल: आमसूल
- मिठात मुरवून सुटलेला रस: आगळ, त्यापासून सोलकढी
- बी: मुठेल

दोन्ही आकृत्या जेमतेम दहा ओळींच्या उताऱ्यातून निघाल्या. मोठ्या धड्यात तर अर्ध्या पानाला एक आणि उरलेल्या पानाला दुसरी, असंही होतं. म्हणून "या धड्याची आकृती काढ" असं कधी सांगू नका. आधी प्रश्न द्या, मग आकृती निवडायला सांगा.

उदाहरण २: बाणाची दिशा

"पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. याच काळात अनेक माशांचा प्रजननाचा हंगाम असतो. म्हणून १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्यामुळे बाजारात ताजी समुद्री मासळी कमी येते आणि तिचे दर वाढतात. अनेक घरांत या दिवसांत सुकी मासळी वापरतात."

किनाऱ्याजवळच्या मुलांना हा विषय पाठ आहे. तरी बाणांचा तक्ता काढायला दिला, तेव्हा एका मुलाने "मासळी कमी" या चौकटीकडून "बंदी" या चौकटीकडे बाण काढला. कारण विचारलं तर उत्तर तयार होतं: "मासे गावनत नाय म्हणान बंदी." उताऱ्यात नेमकं उलट लिहिलंय.

ग्राफिक ऑर्गनायझरचा मोठा फायदा इथे दिसतो. याच मुलाला "मासेमारी बंदी केव्हा असते?" असं विचारलं असतं तर तारखा अचूक सांगितल्या असत्या आणि आपण समजलं असतो की धडा कळला. बाणाने चूक उघडी केली. सॉफ्टवेअरमध्ये बग कोणत्या ओळीत आहे ते कळलं की अर्धं काम होतं. तसंच इथे मूल कोणत्या वाक्यावर घसरलं ते कळतं. मी फक्त "म्हणून" या शब्दावर बोट ठेवलं आणि त्याच्या आधीची दोन वाक्यं पुन्हा वाचायला सांगितली. बाण त्याने स्वतःच फिरवला.

नीट काढलेली आकृती अशी: डावीकडे दोन चौकटी, "खवळलेला समुद्र" आणि "प्रजननाचा हंगाम". दोघींचे बाण मधल्या "६१ दिवस बंदी" या चौकटीत. तिथून "ताजी मासळी कमी", तिथून पुढे "दर वाढतात" आणि "सुकी मासळी". प्रत्येक बाणावर एक शब्द लिहायला लावा: "म्हणून" किंवा "त्यामुळे". बाणावर शब्द लिहिता येत नसेल तर तो बाण बहुधा उगाच काढलेला असतो.

उदाहरण ३: तुलना

मसुऱ्यात भरतगड आहे आणि कालावल खाडीच्या पलीकडच्या काठावर भगवंतगड. तुलनेसाठी ही जोडी आम्हाला घरबसल्या मिळाली.

- फक्त भरतगड: खाडीच्या दक्षिण काठावर, मसुऱ्यात, वाडीकर सावंतांचा.
- दोन्ही: टेकडीवर, एकाच खाडीवर नजर, १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात.
- फक्त भगवंतगड: उत्तर काठावर, बावड्याच्या पंत अमात्यांचा.

पुस्तकांत यासाठी एकमेकांत अडकलेली दोन वर्तुळं असतात. ही जॉन वेन या इंग्रज तर्कशास्त्रज्ञाच्या १८८० च्या आकृतीची देणगी. पण वर्तुळांच्या मधल्या जागेत मुलांना लिहायला पुरत नाही, मोबाईलच्या स्क्रीनवर तर नाहीच. त्याऐवजी तीन रकाने काढा आणि मधला रकाना सगळ्यात रुंद ठेवा.

आमचे रकाने भरून झाल्यावर भाचीने विचारलं, "मामा, एकाच खाडीर समोरासमोर दोन किल्ले कित्याक?" हा प्रश्न उताऱ्यात नव्हता. मालकांची दोन वेगळी नावं आणि मधल्या रकान्यातली एकच खाडी शेजारी शेजारी आली, म्हणून तो सुचला. दोन सत्तांची चढाओढ होती, हे उत्तर मग तिनेच काढलं.

उदाहरण ४: अडलेला शब्द

कधी आकृती अख्ख्या उताऱ्यासाठी नको असते, एका शब्दासाठी हवी असते. त्यासाठी फ्रेयर यांच्या चार चौकटी. शब्द घेऊ "खाडी":

- अर्थ: नदी समुद्राला मिळते तिथला, भरतीचं पाणी आत येणारा भाग.
- लक्षणं: भरती-ओहोटी, गोडं आणि खारं पाणी मिसळतं, काठावर कांदळवन असू शकतं.
- उदाहरणं: कालावल खाडी, कर्ली खाडी.
- हे नव्हे: धामापूरचा तलाव.

चौथी चौकट वगळू नका. पहिल्या तीन चौकटी पुस्तकातून उतरवता येतात. धामापूरचा तलाव खाडी का नाही, हे सांगायला मात्र व्याख्या खरोखर वापरावी लागते.

आणखी दोन, थोडक्यात

*तीन रकाने.* वाचण्याआधी "मला काय माहीत आहे" आणि "मला काय विचारायचंय" हे दोन भरायचे. वाचून झाल्यावर तिसरा, "मला काय कळलं". पहिल्या रकान्यात चुकीची माहिती आली तर लगेच खोडू नका. वाचून झाल्यावर मुलालाच दुरुस्त करू द्या.

*गोष्टीचा नकाशा.* मराठीतल्या कथेसाठी: पात्रं, ठिकाण, अडचण, काय केलं, शेवटी काय झालं. पाच चौकटी पुरतात.

चौकटीत कोणत्या भाषेत लिहायचं?

आमच्याकडे मुलं घरी मालवणी बोलतात आणि पुस्तक प्रमाण मराठीत असतं. "धड्यात काय आहे ते सांग" म्हटलं की मूल दोन कामं एकदम करतं: समजून घेणं आणि शुद्ध मराठीत वाक्य बनवणं. दुसरं जमत नाही म्हणून पहिलंही जमलं नाही, असं वाटायला लागतं.

चौकटीत वाक्य लागत नाही, दोन-तीन शब्द पुरतात. म्हणून पहिल्या फेरीत मी मालवणीत लिहू देतो. चौकटींचे मथळेसुद्धा "कोण?", "खंय?", "कित्याक?", "मगे काय झाला?" असे. दुसऱ्या फेरीत त्याच आकृतीवरून प्रमाण मराठीत चार वाक्यं लिहायची. तोवर मजकूर समजलेला असतो, राहतं फक्त भाषेचं काम. तुमच्याकडे अहिराणी, वऱ्हाडी, कोकणी, पावरी, गोंडी काहीही असो, हीच युक्ती चालेल.

शिकवायचं कसं? चार बैठका

एक बैठक २०-२५ मिनिटांची. जास्त ताणू नका.

१. मी करतो. तुम्ही उतारा वाचा आणि मोठ्याने विचार करत आकृती काढा. "इथे 'त्यामुळे' आलंय, म्हणजे बाण लागणार" असं बोलून दाखवा. मुलांनी फक्त बघायचं.
२. आपण करू. नवीन उतारा. आकृती कोणती ते मुलांनी सुचवायचं, तुम्ही काढायची. दोन मतं पडली तर दोन्ही काढून बघा.
३. तुम्ही करा, जोडीने. दोघांत एकच कागद. एक कागद असला की बोलावंच लागतं.
४. तू कर, पुस्तक मिटून. एकट्याने. उतारा दोनदा वाचायचा, पुस्तक बंद करायचं आणि आठवून आकृती काढायची. मग पुस्तक उघडून, राहिलेलं वेगळ्या रंगाने भरायचं.

चौथी पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि त्याला कारण आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातले जेफ्री कार्पिक आणि जॅनेल ब्लंट यांनी २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी मजकूर समोर ठेवून कन्सेप्ट मॅप काढले, काहींनी मजकूर बाजूला ठेवून आठवून लिहिलं. आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे होते. याच दोघांनी २०१४ मध्ये दाखवलं की मॅपसुद्धा आठवून काढला तर तो तितकाच उपयोगी पडतो. म्हणजे पुस्तक समोर ठेवून सुंदर आकृती काढणं ही बऱ्याच अंशी नक्कल असते. ओबडधोबड चालेल, पण आठवून काढलेली हवी.

मोबाईलवर कसं करायचं?

- कागद आणि कॅमेरा. शिकायला हेच सर्वोत्तम. कागदावर काढा, गूगल ड्राइव्हमधल्या स्कॅनने पीडीएफ करा, विषयवार फोल्डरमध्ये ठेवा. परीक्षेआधी हीच उजळणीची वही होते.
- गूगल कीप. ड्रॉइंग नोट उघडा, बोटाने चौकटी काढा. मागे चौकोनांची जाळी ठेवता येते, त्यामुळे रेषा सरळ येतात. नेट नसतानाही चालतं, नेट आलं की सिंक होतं. गावी नेटवर्क येत-जात असतं, तिथे हे बरं पडतं.
- गूगल स्लाइड्स. एका स्लाइडवर एक आकृती. चौकटी सरकवता येतात, म्हणून "ही पायरी आधी की नंतर?" हा खेळ खेळायला छान. तुम्ही चौकटी उलटसुलट ठेवून द्या, मुलांनी लावायच्या.
- ड्रॉ डॉट आयओ. मोफत, ब्राउझरमध्ये चालतं, लॉगिन लागत नाही. पण लॅपटॉपवरच सोयीचं. मोबाईलवर बोट पुरत नाही.
- टाइप करायला. जीबोर्डवर मराठी निवडा आणि माइकचं बटण दाबून बोला. मुलं टायपिंगच्या कंटाळ्याने चौकटी अर्धवट सोडतात, तो कंटाळा वाचतो.
- उताऱ्यांसाठी. ई-बालभारतीवर पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ मोफत मिळतात. जुनं पुस्तक हरवलं असेल तरी अडत नाही.

एआयला सांगून आकृती बनवली तर?

धड्याचा फोटो टाकला की चॅटबॉट दहा सेकंदांत नीटनेटका माइंड मॅप देतो. तुम्हाला ऑफिसच्या मीटिंगसाठी हवा असेल तर खुशाल घ्या. सातवीतल्या मुलाला मात्र तयार मॅप देऊ नका. कोणती आकृती, कुठे बाण, काय गाळायचं, हे ठरवणं म्हणजेच वाचन. तेवढंच काम चॅटबॉट करून टाकतो, आणि मुलाला उरतं ते पाठांतर.

एक वापर मात्र चांगला आहे. मुलाने स्वतःची आकृती पूर्ण केल्यावर एआयची आकृती शेजारी ठेवा आणि विचारा, "यात काय चुकलंय? काय राहिलंय?" एआय मराठी मजकुरात चुका करतो, कधी उताऱ्यात नसलेलंही घुसडतो. ते शोधण्यासाठी मूल उतारा तिसऱ्यांदा वाचतं, आणि तेही आनंदाने, कारण मशीनची चूक काढायची असते.

कुठे फसतं?

- चौकटीत अख्खं वाक्य उतरवणं. नियम ठेवा: एका चौकटीत जास्तीत जास्त चार शब्द.
- प्रत्येक धड्याला तोच मधला गोल आणि त्याच फांद्या. त्यात क्रमही दिसत नाही आणि कारणही दिसत नाही.
- रंग आणि सजावटीत वेळ घालवणं. एक पेन्सिल आणि दुरुस्तीसाठी एक रंग, एवढंच.
- छापील रिकाम्या आकृत्यांवर अवलंबून राहणं. पहिल्या दोन बैठकांपुरत्या ठीक, नंतर कोरा कागद.

नेहमीचे प्रश्न

मूल अजून अडखळत वाचतं, त्याला चालेल का?
आधी तुम्ही वाचून दाखवा, त्याने ऐकून आकृती काढावी. आकलनाचा सराव थांबवायची गरज नाही. पण वाचनाचा सराव वेगळा चालू ठेवाच. आकृती त्याची जागा घेत नाही.

किती दिवसांत फरक दिसतो?
मूल आणि धडा यांवर अवलंबून. मी एकच खूण बघतो: मूल न सांगता "याला बाण लागतील" असं म्हणतं का? तसं म्हणायला लागलं की पद्धत रुजली.

कृतिपत्रिकेत उपयोग होतो का?
होतो. ज्याने स्वतः आकृत्या काढल्यात त्याला तयार आकृती बघून लगेच कळतं की इथे कारणं मागितली आहेत की प्रकार. मग उताऱ्यात कुठे बघायचं तेही कळतं.

सुरुवात कुठून करू?
उद्याच्या उद्या: मुलाच्या भूगोलाच्या पुस्तकातलं एक पान, एक पेन्सिल, आणि "त्यामुळे, म्हणून, परंतु, नंतर" या चार शब्दांभोवती गोल. आकृती परवा.